माणसे जोडणारे आयुष्मान आनंद



आपल्या घरात तथागतांची मूर्ती असते, शेजारी बाबासाहेबांची तसबीर असते. सकाळ-संध्याकाळ आपण त्रिसरण-पंचशील म्हणतो. मुलांना सिद्धार्थाचा गृहत्याग ठाऊक असतो, अंगुलिमालाची कथाही ठाऊक असते. परंतु तथागतांचे शब्द ज्यांनी कान देऊन ऐकले, जतन केले आणि पुढच्यांना सांगितले, त्या आयुष्मान आनंदांचे चरित्र आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. ते आज तुम्हाला सांगावे असे मनात आहे.

त्याला एक कारण आहे. माणसाला काय लागते असे वर्गात विचारले की पोरे एका सुरात अन्न, वस्त्र, निवारा असे उत्तर देतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी, आपली विचारपूस करावी, आपले म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, ही गरजही भुकेइतकीच खरी आहे. ज्या मुलाशी वर्गात कोणी बोलत नाही, ते मूल पोटभर जेवूनही सुकते, हे कोणताही शिक्षक सांगेल. आपल्या आजा-पणजांना तर हे शिकवायलाच नको. त्यांना भाकर मिळे तीही शिळी, आणि शब्द मिळे तोही शिव्यांचा. बाबासाहेबांनी १९२० साली आपले पहिले पाक्षिक काढले, तेव्हा त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले ते उगाच नव्हे. ज्यांचे बोलणे कोणी ऐकत नव्हते, त्यांना मुके केले गेले होते.

आनंद राजे नव्हते. सारिपुत्तांसारखे महाप्रज्ञावंत म्हणून त्यांची ख्याती नव्हती, महामोग्गल्लानांसारखी सिद्धीची कीर्तीही नव्हती. त्यांची थोरवी अशी की ते माणसांशी बोलत, माणसांचे ऐकत, आणि एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नीट पोचवीत. तेवढ्या गुणावर त्यांनी किती माणसे जोडली ते पाहा.

न्हाव्यापुढे वाकलेले राजपुत्र

आनंद शाक्य कुळातले. ते शुद्धोदनाच्या भावाचे पुत्र, म्हणजे नात्याने तथागतांचे चुलतभाऊ. तथागत धम्म सांगत फिरू लागल्यावर शाक्यांतले काही तरुण संघात जायला निघाले. त्यांत भद्दिय, अनुरुद्ध, भगु, किंबिल, आनंद आणि पुढे संघात फूट पाडणारा देवदत्तही होता. त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपाली होता.

राज्याच्या सीमेपलीकडे गेल्यावर त्यांनी अंगावरचे दागिने उतरविले, गाठोडे बांधून उपालीच्या हाती दिले आणि त्याला घरी परतण्यास सांगितले. त्या दागिन्यांवर त्याचा पुढचा जन्म सुखात गेला असता. उपाली निघाला, पण वाटेत त्याच्या मनात आले की, शाक्य मोठे तापट. कुमारांना मारून दागिने आणले असे समजून ते आपला जीव घेतील. शिवाय राजपुत्र घर सोडू शकतात, तर आपण का नाही? त्याने गाठोडे झाडाला टांगले आणि तो मागे फिरला.

आता पुढचे नीट ऐका. सगळे अनुपिय गावी तथागतांपाशी पोचले, तेव्हा त्या शाक्य तरुणांनी स्वतःच विनंती केली की प्रथम उपालीला दीक्षा द्यावी. आम्ही शाक्य फार अभिमानी आहोत. हा आमचा सेवक आमच्या आधी भिक्खू झाला, तर आम्हाला त्याला वंदन करावे लागेल, त्याच्यासमोर उठून उभे राहावे लागेल, आणि आमचा ताठा उतरेल. तथागतांनी तसेच केले. कालपर्यंत जो त्यांची दाढी करीत होता, त्याच्यापुढे राजपुत्र हात जोडून वाकले.

आनंदांच्या धम्मजीवनाचा आरंभ हा असा आहे. दोन माणसांत खरे बोलणे व्हायचे असेल तर एक उंचावर आणि दुसरा पायरीखाली असून चालत नाही. हुकूम वरून खाली येतो. संवादाला एक पातळी लागते. संघाने ती पातळी पहिल्या दिवशीच करून घेतली.

आठ अटी

पहिली वीस वर्षे तथागतांपाशी कायमचा सेवक नव्हता. कधी नागसमाल, कधी उपवान, कधी मेघिय असे भिक्खू सोबत असत. त्यांतले काही आपल्याच मर्जीने तथागतांना वाटेत सोडूनही गेले. तथागतांचे वय पंचावन्नच्या घरात आले, तेव्हा त्यांनी भिक्खूंना सांगितले की आता नेहमी सोबत राहील असा कोणी हवा. थोरथोर भिक्खू पुढे झाले. आनंद मात्र गप्प बसून होते. मी तुमची सेवा करतो असे बोलून दाखविण्याची त्यांना गरज वाटली नाही. तथागतांनी त्यांनाच निवडले.

आनंदांनी होकार दिला, पण आठ अटी घातल्या. चार गोष्टी त्यांनी नाकारल्या. तथागतांना मिळालेले उत्तम चीवर आपल्याला देऊ नये, मिळालेले उत्तम अन्न देऊ नये, त्यांच्या कुटीत आपल्याला जागा देऊ नये, आणि त्यांना आलेल्या खास आमंत्रणाला आपल्याला नेऊ नये. लोकांनी असे म्हणू नये की हा लाभासाठी सेवा करतो. चार गोष्टी त्यांनी मागून घेतल्या. आपण कोणाचे आमंत्रण स्वीकारले तर तथागतांनी तिथे यावे, दूरवरून कोणी भेटीला आले तर आपण त्यांना तात्काळ भेटवू शकावे, आपल्याला शंका आली तर केव्हाही विचारता यावी, आणि आपल्या गैरहजेरीत जो उपदेश झाला असेल तो तथागतांनी आपल्याला पुन्हा सांगावा.

वाचकहो, या अटी पुन्हा एकदा मनात घोळवा. ज्या नाकारल्या त्या सगळ्या मिळकतीच्या आहेत. ज्या मागितल्या त्या सगळ्या बोलण्या-ऐकण्याच्या आहेत. मोठ्या माणसाच्या दाराशी जो बसतो तो बहुधा दार अडवतो. साहेबाला भेटायचे तर आधी शिपायाची मनधरणी करावी लागते, याचा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? आनंदांनी दाराशी बसण्याची जागा घेतली ती दार उघडे ठेवण्यासाठी. पुढे पंचवीस वर्षे, तथागतांच्या शेवटच्या घडीपर्यंत, त्यांनी ते काम केले. तोंड धुण्याचे पाणी आणि दातवण देण्यापासून ते रात्री कुटीभोवती जागत राहण्यापर्यंत सर्व सेवा त्यांच्याकडे होती.

पाणवठ्यावरची मुलगी

आनंदांच्या आयुष्यातला हा प्रसंग आपल्या समाजाने काळजावर कोरून ठेवावा असा आहे. दिव्यावदान या ग्रंथात तो आला आहे आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही तो घेतला आहे.

श्रावस्तीत भिक्षा आटोपून आनंद परतत होते. तहान लागली होती. पाणवठ्यावर एक मुलगी घागर भरीत होती, तिचे नाव प्रकृती. आनंदांनी तिच्याकडे पाणी मागितले. ती दचकली. तिने सांगितले की आपण चांडाल कुळातली आहोत, आपण पाणी कसे द्यावे? आनंदांनी शांतपणे म्हटले की त्यांना पाणी हवे आहे, त्यांनी तिची जात विचारलेली नाही.

केवढे साधे बोलणे! त्यात उपदेश नाही, दया नाही, उपकाराचा आव नाही. एका तहानलेल्या माणसाने दुसऱ्या माणसाकडे पाणी मागितले, एवढेच. पण जन्मभर ज्या मुलीला दूर हो एवढेच ऐकायला मिळाले, तिच्याकडे कोणीतरी प्रथमच काही मागितले होते. देणारी म्हणून तिची गरज कोणाला तरी पडली होती. आपल्या हातचे कोणीतरी प्यावे, ही भूक किती खोल असते ते ज्यांच्या हातचे कोणी पीत नसे, त्यांनाच कळते. १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले, ते तहान भागविण्यासाठी नव्हे, माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. त्या ओंजळीचे नाते या घागरीशी आहे.

पुढे प्रकृतीचे मन आनंदांवर जडले. तिने आईकडे हट्ट धरला, आईने मंत्रतंत्राचा खटाटोप केला. तथागतांना कळले तेव्हा त्यांनी तिला धिक्कारले नाही. तिला जवळ बोलावून तिच्याशी ते बोलले, तिचे मन समजून घेतले, आणि त्या मनाला धम्माची वाट दाखविली. ती भिक्खुणी झाली. नगरातल्या उच्चवर्णीयांनी कुरकुर केली, राजा प्रसेनजितापर्यंत गाऱ्हाणे गेले. पण संघाचे दार बंद झाले नाही. रवींद्रनाथ टागोरांनी याच कथेवर १९३३ साली ‘चंडालिका’ हे नाटक लिहिले.

ज्याची कोणी विचारपूस केली नाही

एकदा तथागत आनंदांना घेऊन भिक्खूंच्या निवासांतून फेरी मारीत होते. एका ठिकाणी एक भिक्खू जुलाबाने खंगून आपल्याच घाणीत पडलेला दिसला. तथागतांनी विचारले की तुझी देखभाल कोण करते? कोणी नाही, असे उत्तर आले. का नाही? तर त्या भिक्खूचा इतरांना काही उपयोग नव्हता, म्हणून इतर त्याच्याकडे फिरकत नव्हते.

तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. एकाने डोक्याकडून धरले, दुसऱ्याने पायांकडून, आणि त्याला उचलून स्वच्छ बिछान्यावर निजविले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून समजावले की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

या प्रसंगात पाण्याआधी काय आले ते पाहिलेत का? प्रश्न आला. तुला काय होते आहे आणि तुझ्यापाशी कोण आहे, असे दोन प्रश्न. औषधपाणी नंतरचे. आपल्या घरातली म्हातारी माणसे पुष्कळदा पैसे मागत नाहीत, गोळ्याही मागत नाहीत. खाटेशेजारी क्षणभर बसून कोणी विचारावे, एवढेच त्यांना हवे असते.

गोतमीसाठी केलेली रदबदली

शुद्धोदनाच्या निधनानंतर महाप्रजापती गोतमीने, म्हणजे सिद्धार्थाला वाढविणाऱ्या मावशीने, संघात येण्याची परवानगी मागितली. कपिलवस्तूत तिने तीनदा विचारले, तीनदा नकार आला. तिने केस कापले, काषाय वस्त्र नेसले, आणि शाक्य स्त्रियांना घेऊन ती वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, अशी ती दाराबाहेर उभी राहिली.

तिथे तिला पाहिले आनंदांनी. त्यांनी प्रथम तिला विचारले की तू का रडतेस? तिचे सगळे ऐकून घेतले. मग आत जाऊन तिच्या वतीने मागणी केली. तीनदा मागितले, तीनदा नकार मिळाला. दुसरा असता तर गप्प बसला असता, नाहीतर बाहेर येऊन तिला परत जा म्हणाला असता. आनंदांनी प्रश्नच बदलला. स्त्रीने घर सोडून या मार्गाने साधना केली, तर सर्वोच्च अवस्थेपर्यंत ती पोचू शकते की नाही? तथागतांनी उत्तर दिले की पोचू शकते. तसे असेल, तर ज्या मावशीने आईमागे दूध पाजून वाढविले, तिला अडवावे कशाला? यावर परवानगी मिळाली. आठ नियम घालून मिळाली आणि त्या नियमांविषयी पंडितांत आजही वाद आहे. पण भिक्खुणी संघ उभा राहिला. थेरीगाथेत ज्या स्त्रियांची वचने आहेत, त्या याच दारातून आत आल्या.

माताभगिनींनो, हे दार उघडण्यात आनंदांचा वाटा काय? त्यांनी भांडण केले नाही, आरडाओरडा केला नाही. बाहेर उभ्या असलेल्या बाईचे दुःख त्यांनी आतल्या माणसाला कळेल अशा शब्दांत मांडले. दोन माणसांमधली भिंत पुष्कळदा द्वेषाची नसते. एकाचे दुसऱ्यापर्यंत पोचत नाही एवढेच असते. मध्ये कोणीतरी उभा राहावा लागतो.

मैत्री म्हणजे अर्धे की पूर्ण?

आनंद आणि सारिपुत्त यांची मोठी मैत्री होती. आनंदांना एकदा एक चांगले चीवर मिळाले. ते सारिपुत्तांना द्यावे असे मनात आले, पण सारिपुत्त दूर साकेत नगरीत होते, आणि जादा चीवर जवळ ठेवायला नियमाने मनाई होती. आनंदांनी लपवाछपवी केली नाही, सरळ जाऊन सांगितले. सारिपुत्त केव्हा येतील असे तथागतांनी विचारले. नवव्या किंवा दहाव्या दिवशी, असे उत्तर आले. तेव्हा दहा दिवसांपर्यंत जादा चीवर ठेवता येईल असा नियम तथागतांनी करून दिला. मित्रासाठी जपून ठेवलेल्या एका वस्त्रापायी संघाचा नियम बदलला!

आनंद एकदा तथागतांना म्हणाले होते की चांगल्या मित्रांची संगत म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग आहे असे वाटते. तथागतांनी त्यांना दुरुस्त केले. अर्धा भाग नव्हे, संपूर्ण धम्मजीवन म्हणजेच ती संगत. सारिपुत्तांच्या निधनाची वार्ता चुंद नावाच्या श्रामणेराने आणली, तेव्हा आनंदांना दिशा दिसेनाशा झाल्या. तथागतांनी त्यांना जवळ बसवून विचारले की सारिपुत्त जाताना तुझे शील घेऊन गेले का, तुझी प्रज्ञा घेऊन गेले का? दुःख करू नकोस असे नुसते सांगून दुःख जात नाही. जे गेले ते काय आणि जे उरले ते काय, हे कोणीतरी सोबत बसून मोजून दाखवावे लागते.

कुसिनारा

तथागतांचे शेवटचे दिवस आले. चुंद नावाच्या लोहाराच्या घरचे जेवण त्यांचे अखेरचे मोठे भोजन ठरले, आणि त्यानंतर त्यांना रक्ती जुलाबाचा आजार झाला. त्या वेदनेतही त्यांनी आनंदांना एक काम सांगितले. चुंदाच्या मनात आपल्या अन्नाने हे झाले अशी बोच राहील. त्याला जाऊन सांग की ज्या भोजनानंतर ज्ञानप्राप्ती झाली आणि ज्या भोजनानंतर महापरिनिर्वाण होते आहे, ती दोन्ही सारखीच पुण्यप्रद आहेत. मरणाऱ्या माणसाला काळजी होती ती मागे राहणाऱ्या एका लोहाराच्या मनाची. आणि तो निरोप कोणावर सोपविला? आनंदांवर.

कुसिनारेत शालवृक्षांखाली तथागत पहुडले, तेव्हा आनंद तिथून दिसेनासे झाले. ते विहारात जाऊन दाराला टेकून रडत होते. आपण अजून शिकायचे आहोत, आणि आपल्यावर माया करणारे गुरू चालले, हे त्यांचे दुःख होते. तथागतांनी त्यांना बोलावून घेतले. इतकी वर्षे तू प्रेमळ वागण्याने, प्रेमळ बोलण्याने आणि प्रेमळ मनाने माझी सेवा केलीस, अशी सर्वांसमक्ष पावती दिली. मग त्यांनी भिक्खूंना सांगितले की आनंदांना पाहून भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका चौघांनाही आनंद होतो; ते बोलू लागले की आनंद होतो; आणि ते बोलायचे थांबले की लोकांचे समाधान झालेले नसते, आणखी ऐकावेसे वाटते.

त्याच रात्री आनंदांनी मल्लांच्या नगरीत जाऊन वार्ता दिली. लोक धावत आले. एकेकाला भेटवीत बसले तर उजाडेल, हे ओळखून आनंदांनी एकेका कुटुंबाला एकत्र उभे करून, त्या कुटुंबाचे नाव सांगून भेट घडविली. गर्दीला हाकलले नाही, की गर्दीत कोणाला निनावी ठेवले नाही.

राजगृहातली परीक्षा

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर महाकस्सपांनी राजगृहात पाचशे भिक्खूंची संगीती बोलाविली. अर्हत झालेले चारशे नव्व्याण्णव भिक्खू निवडले गेले. आनंद अजून अर्हत नव्हते, पण त्यांच्यावाचून कामच होणार नव्हते, कारण सर्वांत जास्त त्यांनी ऐकले होते. संगीतीच्या आदल्या रात्री ते जागत राहिले. पहाटे थकून आडवे होताना, डोके उशीला लागण्याआधीच, त्यांना अर्हत्त्व प्राप्त झाले असे ग्रंथ सांगतात.

संगीतीत विनयाविषयीचे प्रश्न कोणाला विचारले गेले ठाऊक आहे? उपालींना, त्या एके काळच्या न्हाव्याला. आणि धम्माविषयीचे प्रश्न आनंदांना. कोणता उपदेश, कुठे, कोणाला, कशासाठी, हे आनंदांनी एकेक करून सांगितले. म्हणूनच सुत्तांच्या आरंभी आपण हे ऐकले आहे अशी साक्ष येते. ती आनंदांची साक्ष आहे, असे परंपरा मानते. एक न्हावी आणि एक राजपुत्र यांच्या स्मरणावर आपला तिपिटक उभा आहे. वाचकहो, चांगला श्रोता ही केवढी मोठी पदवी आहे!

तिथेच आनंदांवर काही ठपकेही ठेवले गेले. कोणते किरकोळ नियम सोडता येतील हे तथागतांना विचारून घेतले नाही, शिवताना त्यांच्या वस्त्रावर पाय ठेवला, अंत्यदर्शन स्त्रियांना आधी घडविले, स्त्रियांना संघात आणविले, असे ते ठपके होते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची रदबदली केली, त्याच्यावर म्हातारपणी ही वेळ आली. आनंदांनी प्रत्येक कृत्याचे कारण सांगितले, यात आपल्याला दोष दिसत नाही हे स्पष्ट बोलून दाखविले, आणि तरीही संघावरील श्रद्धेपोटी दोष मान्य केला. ते लाचार झाले नाहीत, आणि रुसून बाजूलाही झाले नाहीत. आपल्या मंडळांतून आणि समित्यांतून एका शब्दावरून दोन गट पडतात, तेव्हा हा प्रसंग आठवावा.

छन्नाची शिक्षा

आता शेवटचा प्रसंग, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

छन्न हा सिद्धार्थाचा सारथी. गृहत्यागाच्या वेळी तोच सोबत होता. पुढे तो भिक्खू झाला, पण त्याचा गर्व जाईना. बुद्ध माझे, धम्म माझा, असे म्हणून तो कोणाचे ऐकत नसे. तथागतांनी जाण्याआधी आनंदांना सांगून ठेवले होते की छन्नाला ब्रह्मदंड द्यावा. ब्रह्मदंड म्हणजे काय? मारहाण नाही, उपवास नाही, हकालपट्टी नाही. छन्नाने हवे ते बोलावे. भिक्खूंनी मात्र त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये, काही सुचवू नये. फक्त अबोला.

ही शिक्षा सांगण्यासाठी आनंद कोसंबीला गेले. वाटेत उदेन राजाच्या राण्यांनी त्यांचा उपदेश ऐकून पाचशे वस्त्रे दान दिली. राजाने चिडून विचारले की इतक्या वस्त्रांचे हा काय करणार, दुकान मांडणार की काय? आनंदांना राग आला नाही. त्यांनी सांगितले की ज्यांची चीवरे फाटली त्यांना ही वाटू. जुन्या चीवरांचे आच्छादन करू, जुन्या आच्छादनांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरणे, त्यांची पुढे पायपुसणी, मग झाडझटकणी, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपू. काहीच वाया जात नाही हे ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आयाबायांना हा हिशेब सांगायला नको!

छन्नाने शिक्षा ऐकली आणि तो मूर्च्छा येऊन कोसळला. कोणी माझ्याशी बोलणार नाही, मग मी जिवंत असून मेलोच की, असे त्याला झाले. जो तलवारीला भ्याला नसता, तो अबोल्याने मोडला. पण ती मोड त्याला लागू पडली. तो एकांतात गेला, झटून साधना केली आणि अर्हत झाला. मग तो शिक्षा मागे घ्या म्हणून आनंदांकडे आला. आनंदांनी त्याला सांगितले की तू अर्हत झालास त्याच क्षणी ती शिक्षा संपली. दुसऱ्या एका सुत्तात वर्णन आहे की छन्न निवासा-निवासातून फिरून थोर भिक्खूंना आपल्याला समजावा म्हणून विनवीत होता, तरी त्याचे समाधान होईना. अखेर तो आनंदांकडे गेला. तू मन मोकळे केलेस याचाच मला आनंद आहे, अशा अर्थाचे बोलून आनंदांनी त्याला धम्म समजाविला, आणि त्याला तो समजला.

धम्मबंधूंनो, तथागतांच्या संघात एका गर्विष्ठ भिक्खूला सुधारण्यासाठी जी कडक शिक्षा होती, ती या देशाने कोट्यवधी निरपराध माणसांना पिढ्यान्‌पिढ्या दिली. छन्नाची शिक्षा तो बदलताच संपली. आपली शिक्षा काही केल्या संपत नव्हती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरनंतर अनेक गावांत आपल्या लोकांवर बहिष्कार पडले. गावकामे सोडली म्हणून मजुरी तुटली, किराणा तुटला, बोलणे तुटले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही शिक्षा किती टिकाऊ आहे ते दिसते.

म्हणूनच मला तुम्हाला विचारायचे आहे, जी शिक्षा आपल्याला एवढी बोचली, ती आपण आपल्याच माणसांना देतो का? मुलगा शिकून नोकरीला लागतो आणि निरक्षर बापाशी काय बोलावे हे त्याला सुचत नाही. पदवी घेऊन मी घरी गेलो तेव्हा माझेही तेच झाले होते. आई काही विचारी, मी एका शब्दात उत्तर देई. तिला कळणार नाही असे मी ठरवूनच टाकले होते. पुढे एकदा तिने आपल्या लहानपणीच्या दुष्काळी कामाची हकीकत सांगितली, आणि मला कळले की आमच्या घराण्याचा इतिहास कोणत्याच पुस्तकात नव्हता, तो तिच्याजवळ होता. मी विचारलेच नव्हते. त्या घरात ब्रह्मदंड कोणी दिला होता? मीच.

तसेच नातेवाइकांचे. एका भावाने दीक्षा घेतली, दुसऱ्याने देव्हारा ठेवला, आणि दोन्ही घरांचे येणे-जाणे थांबले, असे किती तरी घरांत झाले आहे. बावीस प्रतिज्ञांवर ठाम राहा. त्यांत तडजोड नको. पण प्रतिज्ञा पाळणे वेगळे आणि अबोला धरणे वेगळे. ज्याने अजून दीक्षा घेतली नाही तो तुमच्या दारावरून मुकाट्याने निघून गेला, तर धम्म त्याच्या कानावर पडणार कसा?

आनंद अतिवृद्ध होऊन गेले. परंपरा सांगते की त्यांच्या अस्थींवरून नदीच्या दोन्ही काठांच्या लोकांत तंटा होऊ नये, म्हणून त्यांनी नदीच्या मध्यावर देह ठेवला, आणि अस्थी दोन्ही काठांना सारख्या मिळाल्या. कथा म्हणून ऐका. पण ज्याने जन्मभर दोन काठ जोडले, त्याच्याविषयी लोकांना अशी कथा सुचावी यात नवल नाही.

आज संध्याकाळी वंदना झाली की लगेच उठू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ आणि सर्वांत लहान मुलाजवळ थोडा वेळ बसा. एक प्रश्न विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका. जमले तर ज्या घराशी बोलणे तुटले आहे, त्या घरी एकदा पाणी मागून प्या. आनंदांनी यापेक्षा निराळे काही केले नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.